‘शेरलॉक’चा पहिला भाग: घड्याळ गेलं, मोबाइल आला

बीबीसीच्या २०१०च्या ‘शेरलॉक’ मालिकेचा पहिला, सुमारे दीड तासाचा भाग शेरलॉक होम्सच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या १८८७च्या कादंबरीवर बेतलाय, पण यातलं सगळ्यात झकास रूपांतर उचललंय ‘द साइन ऑफ द फोर’ या १८९०च्या दुसऱ्याच होम्स-पुस्तकातून. मूळ होम्स खिशातल्या घड्याळाच्या किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून मालक दारुडा होता हे ओळखतो, कारण किल्ली देताना हात थरथरायचा. इथे तेच ओरखडे मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेभोवती. तर्क जसाच्या तसा, वस्तू तेवढी बदलली.

कादंबरीत भिंतीवर रक्ताने लिहिलेला ‘Rache’ हा शब्द इथे जमिनीवर नखांनी खरवडलाय. पुस्तकात त्याचा जर्मन अर्थ ‘सूड’ हा बरोबर, ‘रेचल’ हे अर्धवट राहिलेलं नाव हा तर्क चूक. इथे नेमकं उलटं! (पुस्तक वाचलेल्यांना छान चकवलंय.) पाइपऐवजी निकोटिनचे तीन पॅच.

फसतो तो शेवट. कादंबरीतल्या खुनी बग्गीवाल्याचा वैयक्तिक सूड काढून टाकल्यावर इथल्या खुनी टॅक्सीवाल्याला खुनांसाठी दिलेलं कारण पोकळ वाटतं, आणि विषाच्या गोळ्यांचा प्रसंग उगाच ताणलाय.