जुन्या कपड्यांचे दागिने: एका साहित्यसंचाचे परीक्षण

जुन्या कपड्यांपासून दागिने करण्यासाठी लागणारे सुटे भाग एकत्र देणारे संच आता सहज मिळतात. त्यांपैकी एक मी बराच काळ वापरत असून, त्यातील धातूचे भाग जितके उत्तम आहेत तितकीच सोबतची पुस्तिका अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

संचात दोन पकडी, गोल कड्या, हाराचे चाप, दोरीच्या टोकांवर दाबून बसवायच्या टोप्या, कानातल्यांचे आकडे, लाकडी मणी आणि कापडाच्या गोंदाची नळी आहे. आकडे टायटॅनियमचे आहेत, ही मोठी जमेची बाजू. कारण निकेलची ॲलर्जी पुष्कळांना असते आणि मुलामा दिलेल्या हलक्या प्रतीच्या आकड्यांनी कानाची पाळी लाल होऊन खाजू लागते. कडी उघडताना तिची टोके बाजूला न फाकवता एक पुढे आणि एक मागे अशी वळवायची असतात, म्हणजे गोलाई बिघडत नाही. येथील कड्या तशा वारंवार उघडूनही सैल पडल्या नाहीत. मणी मात्र सामान्यच आहेत.

खरी अडचण कापडापाशी सुरू होते. पुस्तिका सगळ्या कपड्यांना एकच कृती सांगते: पट्ट्या कापा, गोंद लावा, गुंडाळा. प्रत्यक्षात टी-शर्टच्या होजिअरी कापडाच्या कडांना दशा सुटत नाहीत. खालच्या दुमडीला समांतर अशी सुमारे 2 सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापून ती ताणली, की दोन्ही कडा आत वळतात आणि गोल, मऊ दोरी तयार होते. अशा तीन दोऱ्यांची वेणी घातली तर गोंदाची गरजच उरत नाही, उलट ताणल्या जाणाऱ्या कापडावर वाळून कडक झालेला गोंद तडकतो. सुती सदऱ्याचे तसे नाही. त्याची सरळ कापलेली पट्टी दशा सोडत राहते आणि गळ्याच्या वळणावर नीट बसत नाही, म्हणून तेथे उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी 45 अंशांत तिरकी कापलेली, पट्टीच हवी. जीन्सचे कापड जाड असल्यामुळे त्याच्या गुंडाळ्या बोजड होतात. त्यापेक्षा चकत्या कापून, कडेला मुद्दाम थोड्या दशा काढून, एकीवर एक शिवलेली कर्णफुले कितीतरी देखणी दिसतात. तलम रेशमावर हा गोंद झिरपून काळपट डाग पडतो. ज्या कपड्यावर जीव आहे, त्याला तो लावण्याआधी एखाद्या कातरणावर पाहून घ्यावा.

कापण्यापूर्वी कपडा धुऊन वाळवावा, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. पॉलिएस्टरच्या कडा ज्योतीजवळ नेल्यास वितळून बंद होतात, पण सुती कापड पेट घेते. हा फरक न सांगता ‘कडा आचेवर बंद कराव्यात’ एवढेच छापणे मला अक्षम्य वाटते. मुलांच्या हाती हा संच देणाऱ्यांनी ते पान आधी वाचावे.

सुई-दोरा संचात नाही, आणि या कामात त्याच्यावाचून चालत नाही. ज्यांना साधी धावदोऱ्याची शिवण येते, त्यांनी हा संच त्यातील आकडे, चाप आणि पकडींसाठी अवश्य घ्यावा. शिवणाचा गंध नसलेल्यांना केवळ या पुस्तिकेच्या भरवशावर तो घेण्याचा सल्ला मी देणार नाही.