अंदमान, दोन पोरं, एक सासूबाई आणि फुकटातल्या गोष्टी: आमचा रिव्ह्यू

आधीच सांगते, अंदमान स्वस्त नाहीये. मुंबईहून विमानाने जायचं, मग एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला फेरीचं तिकीट माणशी वेगळं, आणि हॉटेलवाल्यांनी सीझनला काय रेट लावायचा ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यामुळे "फुकटात अंदमान" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हा रिव्ह्यू तिथे पोचल्यानंतरचा आहे. म्हणजे एकदा तिथे जाऊन बसलात, की पोरांना घेऊन खिशात हात न घालता काय करता येतं, आणि ते करण्यासारखं आहे का.

आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो होतो, सहा रात्री, मी, नवरा, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची आणि सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), वय ७१, माहेर दापोलीकडचं. हे दापोली मुद्दाम सांगतेय, पुढे येणार आहे.

पॅकेजमध्ये पैसे भरलेल्या ज्या ॲक्टिव्हिटी होत्या त्यांचं काय झालं ते पटकन सांगून टाकते. स्कूबाला मुलगा लहान म्हणून नाही म्हणाले. काचेच्या तळाच्या बोटीत बसलो तर काचेवर इतके ओरखडे होते की खाली कोरल आहे का फरशी ते कळेना, पंधराव्या मिनिटाला परत किनाऱ्यावर, आणि मुलीने उतरता उतरता बाबाच्या चपलेवर उलटी केली. बोटवाल्याचं नाव घेत नाही, पण पैसे आठवले की अजून पोटात दुखतं.

आता फुकटातलं.

नीलचा नॅचरल ब्रिज आणि आईंची पाऊणपट

नील बेटाचं २०१८ पासून शहीद द्वीप असं नाव आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, पण रिक्षावाल्यापासून फेरीवाल्यापर्यंत सगळे अजून नील-हॅवलॉकच म्हणतात. नीलवरच्या गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर, त्यामुळे आई पहिल्याच दिवशी खूश. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला समुद्राने खडक खालून खाऊन खाऊन कमान केलीय, तोच नॅचरल ब्रिज. बघायला तिकीट नाही. पण खरी मजा कमानीत नाहीच, ओहोटीला तिच्या आजूबाजूचे खडक उघडे पडतात आणि खळग्यांमध्ये जे पाणी अडकून राहतं त्यात आहे.

तर ओहोटी कधी? मी मोबाईल काढला, नीलवर रेंज म्हणजे देवाच्या मर्जीवर. आई म्हणाल्या कशाला पाहिजे मोबाईल, आज तिथी काय, चतुर्थी. कोकणात जुनी माणसं भरतीचा हिशेब असाच करतात, तिथीची पाऊणपट करायची. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, त्याच्या सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे पावणेनऊ. हॉटेलमधला पोरगा मध्येच म्हणाला, दीदी, पानी तो साढ़े छह बजे उतरता है. आई म्हणाल्या, त्याला काय कळतंय, झोपा निवांत.

आम्ही निवांत साडेआठला पोचलो. कमान होती जागेवर, पण जिथून चालायचं ते अर्धेअधिक खडक पाण्यात गेलेले आणि लोक परत येताना दिसत होते, पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "अगं, समुद्र वेगळा, मग पाऊणपट पण वेगळीच असणार!" आणि हे बरोबरच आहे की, पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर बसवलेला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपासची भरती धरून. अंदमानात त्याच दिवशी भरती दोनेक तास आधी येते. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणं मात्र दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आईंनी स्वतःच हिशेब दुरुस्त करून सात-सव्वासात सांगितले आणि बरोब्बर निघाले.

त्या सकाळी आम्ही तिथे दीड तास होतो. एका खळग्यात हाताच्या पंज्याएवढा एक शिंपला खडकात रुतून बसलेला, उघडा, आणि त्याचे ओठ निळे, म्हणजे पैठणीच्या काठाला असतो तसा निळा-जांभळा, वर ठिपके. मुलगा वाकून बघायला गेला, त्याची सावली पाण्यावर पडली आणि ओठ झप्पकन आत. सावली काढली, पुन्हा हळूहळू बाहेर. त्याने हे दहा-बारा वेळा केलं, शेवटी मीच म्हटलं बस कर आता, त्याला पण नाश्ता करायचा असेल. शिवाय समुद्रकाकड्या, काळ्या, भोपळी मिरचीसारख्या गुळगुळीत नाहीत तर पडवळासारख्या लांब आणि मरगळलेल्या. पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे. शंख घेऊन पळणारे खेकडे तर इतके की पाय कुठे ठेवायचा प्रश्न.

तिथे गाइड मिळतात, पैसे घेऊन एकेक प्राणी दाखवतात. आम्ही घेतला नाही. शेजारच्या ग्रुपने घेतला होता, आम्ही त्यांच्या मागे मागे रेंगाळत सगळं ऐकलं, मग माझी मलाच लाज वाटली आणि वर येऊन त्या गाइडच्याच ओळखीच्या टपरीवर पाच लिंबू सरबतं घेतली. हिशेब फिटला असं मी समजते. पण खरं सांगायचं तर गाइडला जागा माहीत असतात, तुमच्याकडे वेळ कमी असेल तर घ्या.

चप्पल घालून जाऊ नका, खडक शेवाळलेले आहेत आणि धारदारही, मागे पट्टा असलेली रबरी सँडल पाहिजे. आई अर्ध्यापर्यंत आल्या आणि एका सपाट खडकावर बसल्या, त्यांना तिथूनही बरंच दिसलं. गुडघे दुखणाऱ्यांनी हट्ट करू नका.

संकष्टी

आदल्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी पाऊणपट फसली, त्या दिवशी संकष्टी होती. आईंचा उपास. नीलवर उपासाचे काय हाल होतील याची मला धास्ती होती, पण केळी आणि शहाळी हवी तेवढी, हे बेट भाज्या-फळं पिकवणारं आहे, आणि राजगिऱ्याच्या वड्या आम्ही घरूनच नेल्या होत्या. प्रश्न चंद्रोदयाचा. कॅलेंडरमध्ये दिलेली वेळ मुंबईची, नऊच्या आसपासची. नवऱ्याने डोकं लावलं की अंदमान मुंबईपेक्षा जवळपास वीस अंश रेखांश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच, म्हणजे सूर्य-चंद्र सगळं साधारण ऐंशी मिनिटं लवकर. मुलाला एक नारळ आणि टॉर्च घेऊन शिकवलं सुद्धा, भूगोलाची शिकवणी फुकट.

आम्ही सीतापूरच्या बाजूला राहिलो होतो, तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. साडेसातपासून अंधारात चटई टाकून बसलो. लाईट नाहीत, दुकानं नाहीत. आणि पावणेआठच्या सुमाराला समुद्रातून चंद्र वर आला, आधी मला वाटलं लांब कुठेतरी बोट पेटलीय, इतका लाल. आईंनी हात जोडले, तांब्या नव्हता म्हणून बिसलेरीच्या बाटलीने अर्घ्य दिलं, आणि म्हणाल्या इतक्या वर्षांत उपास इतक्या लवकर कधी सुटला नव्हता. सहा दिवसांतला माझ्यासाठी हा एक नंबर कार्यक्रम. पॅकेजच्या आयटनरीत त्या संध्याकाळपुढे "लेझर", म्हणजे मोकळा वेळ, असं लिहिलं होतं.

हेच गणित सूर्यालाही लावा बरं का. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त. आपल्याकडे लोक साडेपाचला बीचवर जायला निघतात, तिथे तोवर खेळ खल्लास.

हॅवलॉक: राधानगर आणि मोती करणारे खेकडे

राधानगर बीचबद्दल मी काय नवीन सांगणार, टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सगळ्यात छान बीच म्हटलं, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित बीचचं प्रमाणपत्रही मिळालं. तिकीट नाही. कपडे बदलायला खोल्या आहेत, लाइफगार्ड आहेत, पोहायची जागा आखून दिलीय आणि तिच्या बाहेर गेलात की शिट्टी. शिट्टीला वैतागू नका, या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि बोर्ड शोभेला लावलेले नाहीत. वाळू पिठासारखी, पाणी बरंच लांबपर्यंत उथळ, पाच वर्षांच्या पोरीला घेऊन टेन्शन नाही. माझी तक्रार एकच आणि ती बीचची नाही: पॅकेजची गाडी आम्हाला तिथे चार वाजता सोडते आणि सूर्य बुडाला की हॉर्न. राधानगरला किमान तीन तास द्या, दुपारी दोनला पोचा, मागच्या उंच झाडांची सावली असतेच.

पण पोरांना विचाराल तर ती राधानगरचं नाव घेणार नाहीत. ती विजयनगरचं घेतील, पाच नंबरचा बीच, जिथे किनाऱ्यावरची झाडं पाण्यावर झुकलेली आहेत. तिथे ओहोटीला ओल्या वाळूवर लाखो बारीक गोळ्या पडलेल्या असतात, साबुदाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, आणि नीट बघितलं तर एका भोकापासून चहूबाजूंना ओळीत मांडलेल्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. हे करतो नखाएवढा खेकडा. वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून मागे ढकलतो. पाऊल वाजलं की भोकात गडप. न हलता बसलात तर मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर येतो. माझी दोन्ही पोरं, जी घरी जेवताना एका जागी बसत नाहीत, ती तिथे पुतळ्यासारखी पाऊण तास. मुलगी गोळ्या मोजत होती, एकशे अठ्ठेचाळीसनंतर गोंधळली आणि परत पहिल्यापासून. आई म्हणाल्या हे आमच्याकडे पण असतात की, आम्ही लहानपणी बघायचो. असतीलच. पण मग आम्ही इतक्या वेळा कोकणात जाऊन ते कधी का बघितले नाहीत, मला वाटतं आम्ही तिथे मासे खायला जातो.

काळापत्थर पण फुकट, रस्त्याच्या कडेलाच बीच, काळे खडक, सकाळी छान, पण पोहायला नाही. वीस मिनिटं, फोटो, पुढे.

पोर्ट ब्लेअर

आता श्री विजयपुरम, २०२४ पासून. सेल्युलर जेल फुकट नाही, पण तिकीट नाममात्र आहे आणि मराठी माणूस ते चुकवणार नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. सात विंगपैकी तीनच उरल्यात, आणि एका विंगच्या कोठड्या दुसरीच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे कोणी कोणाला दिसू नये. सावरकरांच्या कोठडीत आई बराच वेळ उभ्या होत्या. बाबाराव पण याच जेलमध्ये होते हे मुलाला सांगितलं तर त्याचा प्रश्न, "मग दोघं भाऊ भेटायचे का?" उत्तर द्यायला जड गेलं. कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी विचारून ठरवा.

फुकट आहे ते समोरचं सावरकर पार्क. तिथे जेलमध्ये जीव गेलेल्या क्रांतिकारकांचे पुतळे आहेत, इंदुभूषण रॉय, महावीर सिंग वगैरे. बहुतेक टुरिस्ट बसमधून थेट गेटवर उतरतात आणि तसेच परत चढतात, आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय एक कुत्रं होतं. महावीर सिंग १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना गेले, हे मुलाला तिथे उभं राहून सांगता आलं, जेलच्या गर्दीत नसतं जमलं.

मरीना पार्कला संध्याकाळी जा, पोरांना पळायला जागा आहे, समोर रॉस बेट. आणि जाताना जुनी लाल वीस रुपयांची नोट असेल तर बरोबर ठेवा. तिच्या मागे नारळाची झाडं आणि दीपस्तंभ आहे ना, तो इथलाच, नॉर्थ बे किनाऱ्यावरचा. नोटेवरचा हुबेहूब देखावा माउंट हॅरिएटवरून दिसतो, पण दीपस्तंभ पाण्यापलीकडे इथूनही दिसतो. आईंच्या बटव्यात देवीच्या ओटीसाठी घडी करून ठेवलेली एक निघाली. पोरं ती हातात धरून एक डोळा मिटून अर्धा तास जुळवत होती, वीस रुपयांत आणि तेही परत मिळाले.

कुरकुर

शंख-शिंपले, कोरलचे तुकडे काहीही उचलून आणू नका, मेलेलं कोरल सुद्धा नाही. एअरपोर्टवर बॅगा बघतात. आमच्या मुलाने दोन दिवस बाटलीत जमवलेलं सगळं शेवटच्या संध्याकाळी परत ठेवायला लावलं, त्यातले दोन शंख चालायला लागले तेव्हा त्यालाच पटलं.

वाळूतल्या बारीक माश्या. दिसत नाहीत, चावल्याचं तेव्हा कळत नाही, रात्री पाय खाजून खाजून लाल. वाळूवर नुसतं बसू नका, चटई न्या, आणि पायाला खोबरेल तेल चोपडा, हा सल्ला त्याच हॉटेलच्या पोराचा. यावेळी आईंनी ऐकलं. मी नाही ऐकलं, परत आल्यावर आठवडाभर ऑफिसात टेबलाखाली पाय खाजवत बसले होते.