झेडव्ही-१ कॅमेऱ्याच्या नावाखाली ४२,४८० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, हसायचं ते हसून घ्या. ५,००० टोकन, ३१,००० 'पार्सल निघालं' म्हणून आणि ६,४८० जीएसटीचे. हाती कॅमेरा नाही, त्याचं कव्हरही नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींचं कमिशन होतं ते, मागे लागून लागून वसूल केलेलं.

सोनीचा झेडव्ही-१ मला हौसेसाठी नको होता. पांढरकवड्यात कापसाच्या गाड्यांच्या धडधडीत शेतकऱ्याचा बाइट, म्हणजे बातमीसाठीचं बोलणं, मोबाइलवर घेऊन बघा, भाव सोडून सगळं ऐकू येतं. या कॅमेऱ्याला कॉलर माइकसाठी ३.५ एमएमचं सॉकेट आहे. प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा, एक इंची, त्यामुळे टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला वाघानं गाय मारली अन् पंचनामा अंधार पडता पडता झाला तरी दाखवण्यासारखं काही मिळतं. नवा परवडत नाही म्हणून ऑनलाइन जुना शोधत होतो. नागपूरचा 'स्टुडिओवाला', धंदा बंद करतोय, किंमत ३६,०००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पण व्हिडिओ कॉल मी केला होता, अगदीच बिनडोक समजू नका. त्यानं कॅमेरा चालू केला, स्क्रीन उचलून स्वतःकडे फिरवली. वर फिरवली! झेडव्ही-१ ची स्क्रीन डावीकडे उघडते, पुस्तकाच्या पानासारखी. वर उलटते ती सोनीच्याच आरएक्स१०० मालिकेतली, आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना माइकचं सॉकेटच नाही. रिव्ह्यू बघून बघून हे मला पाठ होतं. मनात आलंही. तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, अजून दोघं विचारून राहिले, पण तुम्ही पत्रकार म्हणून थांबवला." माइक लावून दाखव म्हटलं, तर माइक दुसऱ्या खोलीत. अरे मग आण ना, मी थांबतो, एवढंच म्हणायचं होतं.

जीएसटी म्हणे 'पार्सल सुटल्यावर परत'. असा परत मिळणारा जीएसटी कुठे असतो? पण तोवर ३६,००० अडकले होते. त्या जागी तुम्हीही भरले असते.

पैसे गेले की ठाण्यात धावू नका, आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. मी उलटं केलं. ठाण्यात पहिलं वाक्य, "काऊन भाऊ, पत्रकार असून फसला?" मागून हशा. मग "आरोपी नागपूरचा, तिकडेच जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. मी त्यावर बातमी केली आहे! कलम सांगितलं तर साहेब मीटिंगमध्ये. एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. सायबर ठाण्याला जा म्हणजे यवतमाळ. तिथे म्हणतात स्थानिक ठाण्याचं पत्र आणा. बँकेत म्हणतात, पिन तुम्हीच टाकला ना? हो, मीच टाकला, मग ती फसवणूक नाही का? १९३० वर तक्रार झाली तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. २,१०० तेवढे होल्ड झाले, आणि ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. २,१०० साठी वकील लावू? ज्या खुर्च्यांच्या सत्काराचे फोटो मी छापून आणले, त्या एका शिक्क्याला महाग.

जुना कॅमेरा घ्यायचाच तर नागपूरला जाऊन हातात घ्या. एसटीचं तिकीट टोकनपेक्षा स्वस्त. माइक लावून रेकॉर्ड करा. झेडव्ही-१ ला हेडफोनचं सॉकेट नाही, म्हणून क्लिप मोबाइलवर घेऊन ऐका. विकणारा भेटायला येऊ देत नसेल तर कागदावर तुमचं नाव अन् तारीख लिहून कॅमेऱ्याशेजारी ठेवायला सांगा, खालचा सीरियल नंबरही त्याच फोटोत.

त्याचा नंबर बंद आहे, पण तेच फोटो परवा अकोल्याच्या नावानं ३४,००० ला दिसले. काळी बॉडी, उजव्या कोपऱ्यावर ओरखडा, खाली हिरवी चादर. कुणाला दिसले तर रिपोर्ट मारण्याआधी स्क्रीनशॉट अन् यूपीआय आयडी मला पाठवा, अर्जाला जोडायचा आहे.