पोर्ट्रेट दाखवायचं कोणाला? ग्रुपला, क्लबला, जाणकाराला की आत्यालाच?

आत्याचा एक फोटो मी चार जागी दाखवला. वाड्याच्या दारात बसलेली, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, ३५ मिमीची लेन्स, आणि मी जवळजवळ तिच्या मांडीवर. चारही जागी वेगळं काही ऐकलं. पोर्ट्रेट शिकताय आणि मत मागायला कुठे जावं ते ठरत नसेल, तर माझा हिशोब असा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत अंगठे, ‘कडक’, ‘एक नंबर’, आणि शेवटी ‘कॅमेरा कोणता?’ याला नाक मुरडू नका. सुरुवातीला हुरूप लागतोच, आणि तो इथे फुकट मिळतो. फक्त पाठवताना ॲप फोटो दाबून लहान करतं, बारकावे जातात, आणि बघणारा तो बसमध्ये उभ्या उभ्या बघतो. फोकस डोळ्यावर आहे की कानावर, हे त्याला दिसतच नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, त्याला ‘मस्त’ याखेरीज उत्तर नसतं. ‘उन्हाकडचा गाल पांढरा पडलाय का?’ असं विचारलं की दोघं-तिघं तरी फोटो मोठा करून बघतात.

फोटोग्राफी क्लबचं वातावरण वेगळं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. १९३७ पासून फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाही मुंबईतच आहे. मी गेलो त्या बैठकीत माझा फोटो मोठ्या पडद्यावर एक मिनिटभर होता. तेवढ्यात परीक्षकांनी मागचा पांढरा डबा आणि फोटोच्या कडेला मनगटापाशी कापला गेलेला हात दाखवला. दोन्ही बरोबर, दोन्ही मला महिनाभर दिसले नव्हते. चुका शोधायला एवढी धारदार नजर दुसरीकडे मिळायची नाही. पण गुण दहापैकी पाच मिळाले, आणि पाचाचे सात कसे करायचे ते पाच हा आकडा सांगत नाही. शिवाय गुणांची चटक लागते. मग जो तो सुरकुतलेला वारकरी आणि मागे काळोख असेच फोटो काढायला लागतो, कारण मागच्या वेळी त्यालाच बक्षीस मिळालेलं असतं.

तिसरी जागा म्हणजे गल्लीतले स्टुडिओवाले काका. त्यांनी फोटो हातात धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, “कितीवरून काढलास?” दोन फुटांवरून, म्हटलं. “मग नाक मोठं येणारच.” हिशोब सोपा आहे. नाकाचं टोक कानांच्या साधारण बारा सेंटिमीटर पुढे असतं. दोन फुटांवरून, म्हणजे साठ सेंटिमीटरवरून, बघितलं तर कान नाकापेक्षा वीस टक्के लांब पडतात आणि तेवढे लहान दिसतात, आठ फुटांवरून हा फरक जेमतेम पाच टक्के. दोष लेन्सचा नाही, माझ्या जागेचा. हे ना ग्रुपवर कोणी सांगितलं, ना क्लबमध्ये, कारण ‘कितीवरून?’ हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

काकांकडे जाताना एक फोटो नेऊ नका, दहा प्रिंट न्या. माझ्या दहांपैकी सातांत माणसं डावीकडेच बघत होती. ती सवय एका फोटोत दिसलीच नसती. तोटा एवढाच की त्यांची आवडही हळूहळू अंगाला चिकटते. त्यांना केसांवर मागून लाइट पाहिजेच, मग फोटो शेतातला का असेना.

चौथं मत आत्याचं, आणि तेच लोक विचारत नाहीत. तिने चष्मा लावला. “माझं नाक एवढं आहे का रे?” म्हणजे काकांनी पकडलेली चूक तिलाही दिसली होती, फक्त ती कशामुळे झाली ते तिला माहीत नव्हतं. मात्र बसणाऱ्याचं मत थोडं गाळून घ्यावं लागतं. १९७७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला जास्त करून उलटा आवडला, त्यांच्या जवळच्यांना सरळ. त्यामुळे ‘ही मी नाहीच’ यातला थोडा भाग आरशाचा असतो. ‘जरा उजळ कर’ हे तर फोटोवरचं मतच नव्हे, ती आपली जुनी खोड आहे. मी करत नाही. पण “तू सारखा कॅमेऱ्यातच बघत होतास, मला वाटलं काही चुकतंय,” हे आत्या म्हणाली ते कुठल्याही परीक्षकाला सांगता आलं नसतं.

तर नवीन असाल तर ग्रुप पुरे, पण नेमका प्रश्न विचारून. स्पर्धेत उतरायचं असेल तर क्लबला पर्याय नाही. पुढे सरकायचं असेल तर वर्षातून दोनदा कोणा जाणकाराकडे दहा प्रिंट, आणि प्रत्येक वेळी ज्याचा फोटो त्याचं मत. पैसे मोजून कार्यशाळा करायची की नाही, ते त्यानंतर बघा.

उद्या तुमच्याकडे कोणी फोटो घेऊन आला तर चेहऱ्यावर बोलू नका, कॅमेऱ्यावर बोला. ‘डबल चिन दिसतेय’ म्हटलं की ते बसलेल्या बाईला लागतं. ‘कॅमेरा हनुवटीच्या खाली होता, डोळ्यांच्या पातळीवर घेऊन बघ’ म्हटलं की काढणाऱ्याला काम मिळतं. आणि आधी विचारा, तुला काय दाखवायचं होतं? डोळ्यांत कॅचलाइट, म्हणजे उजेडाचा चमकता ठिपका, नाही हे खरं, पण पोराने फोटो मुद्दाम उदास ठेवला असेल तर?

मी पुन्हा गेलो. या वेळी अंगणाच्या पलीकडून, आठ फुटांवर, ५० मिमी लावून, आणि गप्पा मारत. दोन फोटो जमले. काकांनी शांत बसलेला निवडला. आत्याने दुसरा निवडला, त्यात ती तोंडावर पदर धरून हसतेय. काका म्हणाले, हात चेहऱ्यावर आलाय. आलाय खरा. पण भिंत आत्याची, त्यामुळे तिथे तोच लागलाय.