हळदीच्या आडतीत आठ महिने: ब्राउनचा गोल बटणांचा कॅल्क्युलेटर

पुतण्यानं जर्मनीहून येताना हा आणला तेव्हा, खरं सांगतो, हिरमुसलोच. काळी सपाट वडी आणि त्यावर गोळ्यांसारखी बटणं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात मी बावीस वर्षं दिवाणजी आहे. आमच्याकडं कॅल्क्युलेटर म्हणजे टेबलावर ठाण मांडून बसणारा, बारा आकडी, ०० चं बटण असलेला. मालक म्हणाले, "दिवाणजी, नातवाचं खेळणं उचलून आणलंत काय?"

हा ब्राउनचा ईटी ६६. मूळचा १९८७ सालचा, ब्राउन या जर्मन कंपनीच्या डिटर राम्स आणि डीट्रिश लुब्स या डिझायनरांनी घडवलेला. माझ्याकडं आहे तो नंतर पुन्हा काढलेला. आकड्यांची बटणं काळी, बेरीज-वजाबाकीची तपकिरी आणि बरोबरचं तेवढं पिवळं. पहिल्या आयफोनमधल्या कॅल्क्युलेटरवर याचीच छाप होती.

खरी करामत बटणांच्या आकारात आहे. जुन्याची बटणं वाटीसारखी खोलगट. सीझनमध्ये त्यात हळद बसायची आणि रात्री टूथब्रश घेऊन उकरत बसायचं. याची वर फुगलेली, मसुराच्या दाण्यासारखी. कापडाचा एक हात मारला की साफ. (कडेच्या फटीत थोडी जातेच, तिथं ब्रश सुटला नाही.) शिवाय बोटाला उंचवटा नेमका सापडतो, शेजारचं बटण चुकून दाबलं जात नाही. मार्चमध्ये सौदे जोरात असताना नजर वजनाच्या चिठ्ठीवर नि बोट बटणावर, हे पंधरा दिवसांत जमलं.

०० नाही, त्यामुळं पहिला महिना हजाराचे शंभर होत होते. ती माझी खोड. पण पडदा आठच आकडी आहे. व्यापाऱ्याच्या बिलात ८६.४५ क्विंटल राजापुरी हळद, दर क्विंटलला १४,२७५. होतात १२,३४,०७३ रुपये ७५ पैसे. पडद्यावर दिसतं १२३४०७३.७. पाच पैसे गडप! खिशात ठेवायची वस्तू ती, आडतीसाठी कुणी बनवलीच नव्हती. म्हणून हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या लहान पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) यावर. दहा लाखांच्या वरचं बिल जुन्यावर.

दुकान बंद करताना सगळी बटणं पुसतो. पिवळ्यावर हळद आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून ते दोनदा.