चेहऱ्याचा रंग उतरवायला खोबरेल बरं, की पाण्याने निघणारं तेल?

मेकअपमधला पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायचा रंग, पाण्याने जातो; पॅनस्टिक, म्हणजे मेणकट कांडीचा रंग, जात नाही. वॉटरप्रूफ काजळ, मस्कारा, दिवसभर टिकणारी लिपस्टिक यांचंही तेच. त्यांतलं मेण तेलातच सैल पडतं. त्यामुळे घरी रिमूव्हर करायचा म्हणजे तेल आलंच. ते तेल मागाहून चेहऱ्यावरून निघणार कसं, हा खरा प्रश्न.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तिथल्या रंगपटात आजही खोबरेल हाताशी असतं. रंग सोडवण्यात ते कुठेच कमी नाही. २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून साताऱ्यात डिसेंबरात बाटली गरम पाण्यात धरावी लागते. पण तेवढ्यासाठी त्याला नावं ठेवू नयेत.

अडतं ते पुढे. कापसाने कितीही पुसलं तरी पापण्यांच्या मुळाशी तेल राहतं. नजर धूसर होते, उशीच्या अभ्र्यावर डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी घातलेलं काजळ तासाभरात खाली उतरतं. ते घालवायला साबण घ्यावा, तर बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही, पांढरट चिकटा मात्र होतो. मग माणूस डोळ्यांभोवती चोळतो, आणि चेहऱ्यावर सगळ्यात नाजूक कातडी तिथलीच. माझ्यापुरता निर्णय या चोळण्यानेच केला.

दुसरा पर्याय म्हणजे तेलात पॉलिसॉर्बेट ८० मिसळायचं. हा मधासारखा पिवळसर, दाट द्रव तेलाचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतो. साबणाचं सामान ऑनलाइन विकणाऱ्यांकडे मिळतो. १०० मिलीला प्रमाण असं: रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई तेल ८५ मिली, पॉलिसॉर्बेट १५ मिली, ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून. घाण्याचं तेल नको, डोळ्यांजवळ त्याचा वास उग्र लागतो. कोरड्या भांड्यात दोन मिनिटं ढवळायचं, तापवायचं नाही. बाटली पूर्ण कोरडी हवी. दोन दिवसांत तळाशी पिवळसर थर बसला तर बिघडलं असं समजू नका, हलवून घ्या.

लावताना हात आणि चेहरा दोन्ही कोरडे हवेत. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ओल्या हाताने घेतलं की तेल लगेच दुधाळ होतं आणि रंग सुटायच्या आधीच वाहून जातं. चमचाभर तेल मिटलेल्या डोळ्यांवरून मिनिटभर हलकं फिरवा, मग बोटं ओली करून पुन्हा फिरवा. पांढरं झालं की कोमट पाण्याने धुवा. चिकटपणा उरला तर पॉलिसॉर्बेट कमी पडलंय, १८ मिलीपर्यंत न्या. डोळे चुरचुरले तर १२ वर आणा. बोअरच्या पाण्यातही हे निघतं, कारण पाण्यातल्या क्षारांशी साबणाचं होतं तसं याचं होत नाही.

गुलाबपाणी आणि तेल एकत्र हलवून वापरायचा प्रकार दिसतो छान, पण बाटली तिरकी केली की आधी वरचं तेलच येतं आणि शेवटी नुसतं पाणी उरतं. बाजारातल्या दोन थरांच्या रिमूव्हरमध्ये उडून जाणारी हलकी तेलं किंवा सिलिकॉन असतात, म्हणून तो तेलकट लागत नाही. स्वयंपाकाच्या तेलाकडून ते होणार नाही. शिवाय पाणी आलं की जंतू आले. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसेल तर फ्रिजमध्ये ठेवूनही चार-पाच दिवसांच्या वर डोळ्यांना लावू नये. वरच्या मिश्रणात पाणीच नसल्यामुळे ते दोन-तीन महिने चांगलं राहतं. सांगलीच्या एप्रिलात मात्र सावलीत ठेवा आणि खवट वास आला की टाकून द्या. लिंबू, खायचा सोडा, सुगंधी तेलं यांपैकी काहीही यात घालू नका.

वर्षाकाठी चार लग्नांना काजळ घालणाऱ्यांनी खोबरेल सोडायचं कारण नाही. त्वचेवर पुटकुळ्या येत असतील, लेन्स लावत असाल किंवा रोज रंग उतरवावा लागत असेल, तर मी दुसऱ्या बाटलीकडे वळेन. आधी ५० मिलीच करा आणि पहिल्या दिवशी फक्त कानामागे लावून पाहा. लेन्स मात्र तेलाला हात लावण्याआधी काढायच्या.