“आतली सळई तुटलीय, वेल्डिंग करावं लागेल”

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याआधीची फियाट ११०० बाळगणाऱ्यांसाठी हे लिहितोय. स्टिअरिंगला तडे गेलेत आणि दुरुस्ती करणारा फोनवर वरचं वाक्य म्हणाला, तर पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा.

माझी पद्मिनी १९७८ची, सांगलीच्या उन्हात उभी राहिलेली. या स्टिअरिंगच्या आत पोलादी सळईचा सांगाडा असतो आणि त्यावर ओतलेलं कडक प्लॅस्टिक. वर्षानुवर्षं ऊन खाऊन प्लॅस्टिक आक्रसतं, आतलं पोलाद आहे तेवढंच राहतं. मग प्लॅस्टिक फाटतं, बहुधा दांडी कड्याला मिळते तिथेच. म्हणजे वर तडा दिसला म्हणून आतली सळई मोडली असं मुळीच नसतं. पुढची सगळी लबाडी लोकांना हे माहीत नसण्यावर चालते.

मुंबईतल्या एका कारागिराचा नंबर ओळखीतून मिळाला. साडेचार हजार ठरले, निम्मे आगाऊ. स्टिअरिंग हॉर्न रिंगसकट (हॉर्न वाजवायची धातूची कडी) पाठवा म्हणाला, “रिंगला फुकटात बफिंग मारून देतो.” कुरिअर पोचलं आणि एका रात्री त्याचा फोन आला. “दादा, उघडून बघितलं. सळई जॉइंटला तुटलीय. असंच रंगवून दिलं तर घाटात वळणावर हातात येईल. वेल्डिंगचे तीन हजार वेगळे पडतील.” मागोमाग फोटो. तड्यात गंजून तुटलेली सळई, आणि कडेला धरलेला अंगठा, नखावर निळा रंग सांडलेला. घरचे सगळे त्याच गाडीतून फिरतात. घाटाचं नाव काढल्यावर घासाघीस कोण करणार? पैसे यूपीआयने गेले ते भलत्याच नावावर. “मेव्हण्याचं खातं आहे,” म्हणाला.

परत आलं ते चकचकीत. उन्हाळा लागला तशी जुन्या जागी केसाएवढी रेघ उमटली, मग सरळ तडाच. घामेजल्या तळव्यांना काळा रंग लागायचा. फोन केला तर, “रंगाची गॅरंटी नसते, दादा.”

मी स्टिअरिंग उतरवून तडा कोरला. वर रंग, खाली गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी, तिच्याखाली दाबून कोंबलेला कागद. त्याच्याही खाली सळई. गंजलेली, पण अखंड. वेल्डिंगचा ठिपकासुद्धा नाही. आणि असणार तरी कुठून? त्या आचेने आजूबाजूचं प्लॅस्टिक जळून गेलं असतं. खरंच वेल्डिंग करायचं तर आधी बराच भाग सोलावा लागतो आणि नंतर तो नव्याने घडवावा लागतो. तीन हजारांत कोण करतंय ते!

रिंगचा प्रकार तर त्याहून हलका. माझ्या रिंगला डावीकडे लहानसा पोचा होता, परत आलेलीला नव्हता. बफिंगने पोचा जात नाही. पावसाळ्यात तिच्यावर तांबूस ठिपके उठले. पद्मिनी बनायची थांबून पाव शतक झालं, चांगली जुनी रिंग सहजी मिळत नाही. दुरुस्ती हे निमित्त होतं आणि त्याला रिंगच हवी होती, असा मला दाट संशय आहे.

खात्री पटली ती कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात. एका फियाटवाल्या काकांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्याही ‘तुटलेल्या सळई’चा फोटो होता. तोच तडा, तेच निळं नख. काकांच्या गाडीचं स्टिअरिंग पांढरट, फोटोतलं काळं. त्यांनी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, “फ्लॅश पडला नाही ना, काका.”

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. बिल नाही आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात, त्यामुळे हाताशी चॅट आणि कुरिअरची पावती एवढंच. तो नंबर आता बंद आहे.

आता काम घरी कसं केलं ते. बॅटरीची तार आधी सोडवा. मधला नट काढण्यापूर्वी शाफ्ट (स्टिअरिंग बसतं तो दांडा) आणि स्टिअरिंग दोन्हींवर एका रेषेत खूण करा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग तिरकं. निघत नसेल तर पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावा, हातोडा नको. तड्याला हॅकसॉ ब्लेड आणि कानशीने पार सळईपर्यंत व्हीसारखी खाच पाडा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि कामचुकार कारागीर नेमका हाच गाळतो. सळईचा गंज खरवडा, थिनरने पुसा, मग दोन भागांचं इपॉक्सी थोडं उंच भरा. मी अराल्डाइट वापरलं आणि रात्रभर हात लावला नाही. नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, ३२०, शेवटी ६०० चा वॉटर पेपर. वर प्रायमर आणि हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग हाताच्या घामापुढे टिकत नाही. पीयू मारताना मात्र दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि चांगला मास्क लावा, तो धूर फुप्फुसाला वाईट. सळई खरंच तुटलेली निघाली तर ते स्टिअरिंग गाडीला लावूच नका, दुसरं शोधा.

बाहेरच द्यायचं असेल तर रिंग आणि मधलं बटण काढून घरी ठेवा. हबच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या मधल्या भागाच्या, आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी खूण कोरा. आणि सळई तुटलीय म्हणाला तर फोटो नको, व्हिडिओ कॉल लावायला सांगा, तुमची खूण आणि तडा एकाच वेळी दिसतील असा.

माझं स्टिअरिंग आता ठीक आहे. उजव्या दांडीखाली रंगात थोडी लाट राहिलीय, ती मलाच दिसते. रिंग अजून मिळालेली नाही. डावीकडे पोचा असलेली पद्मिनीची हॉर्न रिंग कोणी विकायला काढलेली दिसली, तर कृपया कळवा.